दूर पल्ल्याच्या पायवाटा : आखणी आणि जपणूक

(पंचायतींचे सदस्य, शिक्षक आणि तालुका पातळीवरील अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



डोंगर, किनारा आणि शेतीचा मुलूख यांमधून जाणाऱ्या दूर पल्ल्याच्या पायवाटांची आखणी कशी करावी, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. विषय ऐकताच आपल्यापैकी काहींच्या मनात एक शंका आली असेल. गावांना बारमाही रस्ते हवेत, पाणी हवे, दवाखाने हवेत. अशा वेळी हौसेने पायी हिंडणाऱ्यांच्या सोयीचा विचार कशासाठी करावयाचा? ही शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर दिल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

दिनांक १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्याच्या खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीपर्यंत मोटाररस्ता नव्हता. मदतपथकांना भर पावसात, चिखल तुडवीत डोंगर चढून जावे लागले. अवजड यंत्रे वर नेता आली नाहीत. ढिगारा माणसांच्या हातांनी उपसावा लागला. त्या रात्री वाडी आणि बाहेरचे जग यांना जोडणारी एकच गोष्ट होती, आणि ती म्हणजे पायवाट. सह्याद्रीच्या कुशीत अशा वाड्या आणि पाडे आजही पुष्कळ आहेत. तेथील मुले याच वाटांनी शाळेत येतात, बायाबापड्या याच वाटांनी बाजाराला उतरतात आणि आजाऱ्याला डोलीत घालून याच वाटांनी खाली आणले जाते. पदयात्री ज्या वाटांनी चालणार, त्या मुळात या लोकांच्या वाटा आहेत. त्या नीट राहिल्या तर लाभ प्रथम गावाचा आहे आणि पाहुण्याचा नंतरचा. म्हणून आजच्या विवेचनाचे सूत्र आरंभीच सांगतो : दूर पल्ल्याची पायवाट बहुतेक ठिकाणी नव्याने बांधावी लागत नाही. ती शोधावी लागते, कागदावर नोंदवावी लागते आणि राखावी लागते.

नाणेघाटाचा धडा

याचे उत्तम उदाहरण आपल्या राज्यातच आहे. कल्याणच्या खाडीवरून मुरबाडमार्गे सह्याद्रीच्या पायथ्याशी यावे, वैशाखरे गावाजवळून घाट चढावा, माथ्यावरील घाटघरच्या बाजूस निघावे आणि तेथून जुन्नर गाठावे, असा हा प्राचीन मार्ग. सातवाहनांच्या काळात किनाऱ्यावरील बंदरे आणि प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, यांमधील व्यापार या मार्गाने चाले. घाटाच्या माथ्याशी असलेल्या लेण्यात राणी नागनिकेचा सुप्रसिद्ध शिलालेख आहे. त्यात यज्ञांचे आणि दानांचे वर्णन आहे आणि त्यातील अंक भारतीय अंकलेखनाच्या इतिहासात फार महत्त्वाचे मानले जातात.

इतिहासाचा भाग थोडा बाजूस ठेवून, नियोजनाच्या दृष्टीने या घाटाकडे पाहावे. चढाच्या वाटेवर ठिकठिकाणी दगडांची फरसबंदी आणि पायऱ्या आहेत. माथ्याजवळ विसाव्याला प्रशस्त लेणे आहे. कातळात पाण्याची टाकी खोदलेली आहेत. खिंडीच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकली जात, अशी परंपरा सांगते. म्हणजे चालण्याजोगी वाट, मुक्काम, पाणी आणि देखभालीच्या खर्चाची तजवीज या चारही बाबी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी एका घाटात एकत्र आलेल्या होत्या. आज मोटारींची वाहतूक शेजारच्या माळशेज घाटाने होते आणि नाणेघाट पायी चालणाऱ्यांकडे राहिला आहे. आधुनिक नियोजनकाराला या चार बाबींत फक्त एकीची भर घालावयाची आहे. ती म्हणजे त्या वाटेने जाण्याचा हक्क. राजमार्गाला तो आपोआप होता; आजच्या पायवाटेला तो नाही, म्हणून त्याचा विचार प्रथम करू.

हक्काचा प्रश्न

इंग्लंडमधील पेनाइन वे ही दूर पल्ल्याची पायवाट सुमारे ४३० किलोमीटर लांबीची आहे. टॉम स्टीफन्सन यांनी तिची कल्पना १९३५ मध्ये वृत्तपत्रातून मांडली. ती प्रत्यक्षात खुली झाली १९६५ मध्ये. मध्ये तीस वर्षे गेली ती मुख्यतः बांधकामात नव्हे, तर जमीनमालकांशी वाटाघाटी करून वहिवाटीचे हक्क मिळविण्यात. त्यासाठी तेथील संसदेला १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील संचार यांविषयीचा कायदा करावा लागला. त्या कायद्यान्वये गावोगावच्या पायवाटांचे नकाशे तयार झाले आणि नकाशावर नोंदलेली वाट बंद करणे कोणालाही सोपे राहिले नाही.

आपल्याकडे केवळ पदभ्रमणासाठी असा स्वतंत्र कायदा नाही. तरीही आपले हात अगदीच रिकामे नाहीत. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम २० प्रमाणे, जे सार्वजनिक रस्ते, गल्ल्या आणि वाटा अन्य कोणाच्या मालकीच्या नाहीत त्या शासनाच्या मालकीच्या आहेत. गावनकाशावर गाडीवाटा आणि पायमार्ग तुटक रेषांनी दाखविलेले असतात. शेताकडे जाण्याच्या वाटेसंबंधी संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांना चौकशी करून निर्णय देता येतो. शेताची वहिवाटीची वाट अडविली गेल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ याखाली अडथळा दूर करविता येतो. मात्र त्यासाठी अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करावा लागतो. विदर्भासाठी तर संहितेत वाजिब-उल-अर्जाची तरतूद असून तीत गावातील वहिवाटीच्या वाटांचे हक्क नोंदविता येतात. या तरतुदी पर्यटनासाठी केलेल्या नाहीत, हे खरे. परंतु गावाची वाट जिवंत ठेवण्याचे काम त्या करू शकतात आणि गावाची वाट जिवंत राहिली तरच दूर पल्ल्याची वाट जोडता येते.

अडचण आहे ती निराळीच. गावनकाशावरील तुटक रेष जमिनीवर कोठे आहे, हे सांगणारी पिढी आता थकत चालली आहे. जमिनीचे हस्तांतर होते, नवा धारक तारेचे कुंपण घालतो आणि वर्षानुवर्षांची वाट एका उन्हाळ्यात बंद होते. तक्रार कोणी करीत नाही, कारण धडधाकट माणूस मोटारसायकलने लांबचा वळसा घेऊ शकतो. नुकसान होते ते म्हाताऱ्या माणसांचे, शाळकरी मुलांचे आणि गुरे राखणाऱ्यांचे. म्हणून आखणीची पहिली पायरी खर्चाची नसून नोंदीची आहे. ग्रामसभेने गावातील पायवाटांची यादी करावी, ग्राम महसूल अधिकाऱ्यांच्या (पूर्वीच्या तलाठ्यांच्या) मदतीने ती गावनकाशाशी ताडून पाहावी आणि ठराव करून ती दप्तरी ठेवावी. वाट खाजगी जमिनीतून जात असेल तर धारकाला विश्वासात घेऊन, शक्यतो बांधाच्या कडेने ती न्यावी. संमतीवाचून आखलेली वाट पहिल्याच भांडणात बंद पडते.

वन आणि अभयारण्य यांतील वाटांचा विचार वेगळा करावा लागतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी लागते. भीमाशंकरसारख्या क्षेत्रातून मार्ग न्यावयाचा असेल तर वन विभाग हा आखणीतील पहिल्या दिवसापासूनचा भागीदार असला पाहिजे. मार्ग जाहीर करून मागाहून परवानगी मागणे हे उलटे काम होय.

डोंगरातील आखणी

वाटेचा हक्क निश्चित झाला की जमिनीचा विचार येतो. घाटमाथ्याकडे जाणाऱ्या वाटा साधारणतः दोन प्रकारच्या असतात. काही डोंगराच्या सोंडेवरून चढतात, काही नाळेतून. नाळेची वाट जवळची असते. परंतु पावसाळ्यात ती ओढाच बनते आणि वरून दगड सुटण्याचे भय राहते. सोंडेची वाट लांब पडते, ऊन अधिक लागते, मात्र पाण्याने ती कमी धुपते. बारमाही मार्ग सोंडेवरून न्यावा आणि नाळेच्या वाटा कोरड्या दिवसांसाठी व जाणत्या वाटाड्याबरोबरच वापराव्यात, हा सामान्य नियम समजावा. वाट रुंद करण्यासाठी डोंगराचा उतार कापण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. ३० जुलै २०१४ रोजी माळीण येथे आणि २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे जे घडले, त्यानंतर सह्याद्रीच्या उतारांना विनाकारण हात लावण्याचे धाडस कोणी करू नये. दोन माणसे शेजारून जाऊ शकतील एवढी रुंदी पायवाटेस पुरे होते.

मजल किती लांबीची ठेवावी? स्कॉटलंडमधील गिर्यारोहक नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये एक साधा ठोकताळा सांगितला तो आजही उपयोगी पडतो. दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास धरावा. या हिशेबाने १८ किलोमीटरची आणि ७०० मीटर चढाची मजल पावणेपाच तासांत होईल. परंतु हा हिशेब थंड हवेतील सराईत माणसाचा आहे. आपले ऊन, पाठीवरचे ओझे आणि विसावे लक्षात घेऊन त्यात निम्म्याची भर घालावी. मग हीच मजल सात तासांची ठरते आणि पहाटे निघालेला माणूस दुपारी मुक्कामी पोहोचतो. घाटातील मजल याहून लांब ठेवू नये.

पाण्याची नोंद ऋतुवार करावी. डिसेंबरात भरलेले टाके एप्रिलमध्ये कोरडे पडते. म्हणून प्रत्येक पाणवठ्यापुढे तो कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो हे लिहिलेले असावे. ही माहिती उपग्रहाच्या छायाचित्रात सापडत नाही. ती गुराख्याला आणि पाणी भरणाऱ्या बाईला विचारावी लागते. गडांवरील कड्याकपारींत आग्या माशांची मोहोळे असतात. त्यांच्या जागाही नोंदवाव्यात आणि तेथून मार्ग दूर न्यावा.

वारीपासून शिकण्यासारखे

सपाट मुलखातील दूरच्या पायी प्रवासाचे नियोजन आपल्या लोकांना कोणी शिकविण्याची गरज नाही. आळंदीहून पंढरपूरकडे जाणारी श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सुमारे २५० किलोमीटरचे अंतर तीन आठवड्यांच्या आसपास चालते. हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला जी शिस्त घालून दिली, तिच्यात उत्तम नियोजनाची सर्व अंगे आढळतात. मुक्कामाची गावे ठरलेली, विसाव्याच्या जागा ठरलेल्या आणि दिंड्यांचा क्रम ठरलेला असतो. पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाटाचा चढ येतो. ती मजल सर्वांत दमविणारी, म्हणून सासवडला मुक्काम अधिक ठेवलेला असतो. लांब मजलेनंतर विश्रांती, हे तत्त्व तेथे कोणी ग्रंथातून घेतलेले नाही. ते चालणाऱ्यांच्या अनुभवातून आले आहे.

पालखी मार्गांचे राष्ट्रीय महामार्गांत रूपांतर करण्याच्या कामाची कोनशिला नोव्हेंबर २०२१ मध्ये बसविण्यात आली. त्या आराखड्यात वारकऱ्यांसाठी दोन्ही बाजूंना स्वतंत्र पदपथ धरण्यात आले. मोठा रस्ता आखताना पायी चालणाऱ्याची जागा कागदावर आरंभीच राखून ठेवणे, हा दंडक जिल्हा आणि तालुका पातळीवरील रस्त्यांनाही लावता येईल. मात्र पदपथाइतकीच सावली महत्त्वाची असते. रस्तारुंदीत गेलेल्या वडांची आणि चिंचांची भरपाई डांबराने होत नाही. ग्रामपंचायतींनी आपापल्या हद्दीतील मार्गावर झाडे लावून ती जगविण्याची जबाबदारी घ्यावी.

किनाऱ्याचा मार्ग

महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी पूर्वीच्या मोजणीप्रमाणे सुमारे ७२० किलोमीटर सांगितली जाते. परंतु पायी चालणाऱ्याला ही लांबी सरळ मिळत नाही. दर काही मैलांवर खाडी आडवी येते. या खाड्या ओलांडण्याचे जुने साधन म्हणजे तर. आज बागमांडले ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड अशा ठिकाणी वाहने नेणाऱ्या फेरीबोटी आहेत. लहान खाड्यांवरचे तर मात्र पूल झाले की बंद पडतात. पूल झाले की मोटारीची सोय होते, पण पुलापर्यंतचा वळसा पायी चालणाऱ्याच्या वाट्याला येतो. म्हणून सागरी मार्गावरील पुलांच्या आराखड्यातच पदपथ असावा आणि जेथे तर चालू आहे तेथे तो मार्गाचा अधिकृत भाग मानावा. त्यामुळे तर चालविणाऱ्यालाही चार पैसे मिळतील.

पुळणीवरून आणि खडकाळ भागातून जाताना भरती-ओहोटीचे गणित सांभाळावे लागते. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने निघते, हा कोकणातील परिचित ठोकताळा आहे. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, तर सुमारे सहा तासांनी म्हणजे नऊच्या सुमारास ओहोटी. जागोजागी यात थोडाफार फरक पडतो. म्हणून किनाऱ्यावरील प्रत्येक ग्रामपंचायतीने आपल्या हद्दीत भरतीच्या वेळी बंद होणारे टप्पे कोणते, ते ठळक फलकावर लिहावे आणि त्यांना पर्यायी अशी आतली वाट दाखवावी. वेळास, आंजर्ले यांसारख्या किनाऱ्यांवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत समुद्री कासवे अंडी घालतात. त्या काळात रात्री पुळणीवरून चालण्यास मनाई असावी आणि मार्ग गावातून न्यावा.

निगा कोणी राखावयाची?

आखणी झाली, उद्घाटन झाले, फलक लागले, पुढे काय? बहुतेक योजना या ठिकाणी थांबतात. अमेरिकेतील अपालाचियन ट्रेल ही सुमारे ३५०० किलोमीटरची पायवाट १९२१ मध्ये बेंटन मॅकाये यांनी सुचविली आणि १९३७ मध्ये ती सलग झाली. ती आजवर टिकली, याचे एक मोठे कारण असे की तिचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा एकेका स्थानिक मंडळाकडे सोपविलेला आहे. आपला तुकडा कोणता हे प्रत्येकाला ठाऊक असते. उलट पेनाइन वे वर लोकांची गर्दी वाढली तेव्हा पाणथळ माळावरची माती तुडवून वाट रुंदच रुंद होत गेली. शेवटी पाडलेल्या जुन्या गिरण्यांतील फरशा आणून त्या चिखलावर अंथराव्या लागल्या. पावलांची संख्या वाढली की वाट झिजणारच; तेव्हा झिजेची तरतूद आरंभीच करून ठेवावी, हा त्यातील बोध.

ही सूचना आपल्यासाठी वेळेवर आलेली आहे. २०२५ च्या जुलै महिन्यात मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला. त्यांपैकी शिवनेरी, राजगड, रायगड, प्रतापगड, पन्हाळा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आदी अकरा किल्ले महाराष्ट्रात आहेत. गर्दी वाढणार, हे उघड आहे. ती सारी एकेका गडाच्या दरवाजात एकवटली तर गडाचेही नुकसान आणि पाहुण्याचाही हिरमोड. राजगडाहून तोरण्यावरून रायगडाकडे किंवा पन्हाळ्याहून पावनखिंडीमार्गे विशाळगडाकडे जशी माणसे आजही चालत जातात, तसे गडागडांना जोडणारे मार्ग नीट आखले तर ही गर्दी गावोगावी विभागली जाईल आणि मुक्कामाचे उत्पन्न मधल्या वाड्यांना मिळेल. त्यासाठी नवी विश्रामगृहे उभारण्याची घाई नको. गावातील दोन-चार घरांची स्वच्छ पडवी, गरम भाकरी, शौचालयाची सोय आणि ठरलेला दर एवढे पुरते. राज्याचे कृषी पर्यटन धोरण २०२० पासून आहे. डोंगराळ गावांनी त्याचा लाभ या दृष्टीने तपासून पाहावा.

वाटेची निगा ही अवघड विद्या नाही. पहिल्या पावसापूर्वी वाटेवर आडवे दगड बसवून पाणी बाजूला काढावे, म्हणजे वाटेची घळ होत नाही. पावसाळा संपताच वाढलेले रान छाटावे आणि सुटलेले दगड हलवावेत. दोन वाटा फुटतात तेथे कोरीव दगड किंवा साधा बाण असावा. कातळावर आणि गडाच्या तटावर रंग फासू नये. ज्या राज्याने १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा करून कामाचा हक्क मान्य केला, त्या राज्यात वर्षातून दोनदा एवढे काम गावातल्या माणसांना मजुरी देऊन करवून घेणे अशक्य नाही.

प्रत्येकाचा वाटा

येथे उपस्थित असलेल्या तिन्ही वर्गांसाठी एकेक काम सुचवून मी हे विवेचन आटोपते घेतो. शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलांकडून गावच्या वाटांची एक वही तयार करवून घ्यावी. वाटेचे नाव, ती कोठून कोठे जाते, वाटेतील खिंडी, पाणवठे, देवस्थाने यांची नावे आणि वडीलधाऱ्यांनी सांगितलेली माहिती तीत यावी. भूगोल, इतिहास आणि भाषा हे तिन्ही विषय या एका उपक्रमात शिकविता येतात. पंचायत सदस्यांनी त्या वहीवरून ग्रामसभेत यादी मांडावी आणि शेजारच्या गावाशी सल्लामसलत करावी. कारण शिवेवर तुटलेली वाट कोणालाच उपयोगी पडत नाही. अधिकाऱ्यांनी महसूल, वन, बांधकाम आणि पर्यटन यांची एकत्र बैठक घ्यावी आणि रस्ता, पूल अथवा कालवा मंजूर करताना तो कोणती पायवाट छेदतो, हा प्रश्न आराखड्यावर लेखी विचारावा. छेदलेल्या वाटेला पर्याय दिल्यावाचून कामास मान्यता देऊ नये.

एका तालुक्याने एक घाट, त्याच्या पायथ्याचे एक गाव आणि माथ्यावरचे एक गाव एवढ्यापुरते हे काम हाती घेतले तरी आरंभ होईल. असे घाट पुढे एकमेकांस जोडता येतील आणि मग खाडीपासून घाटमाथ्यापर्यंत, घाटमाथ्यापासून गोदावरीच्या तीरापर्यंत चालत जाणे पुन्हा शक्य होईल. तोवर त्या त्या गावातील मुलाला शाळेची वाट आणि आजाऱ्याला दवाखान्याची वाट मोकळी मिळाली, तर एवढ्यानेही या श्रमाचे सार्थक झाले असे मी मानीन.